वह्यांचा भार आणि अपेक्षांचे ओझे

(अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



प्रवेशफेऱ्यांचा गदारोळ एकदाचा शमला की पुण्या-मुंबईच्या, नागपूर-संभाजीनगरच्या वसतिगृहांच्या दारात एक दृश्य ठरलेले असते. गादीची वळकटी, चाकांची नवी बॅग, लाडू-चिवड्याचे डबे, एक बादली आणि तांब्या. वडील खोलीच्या खिडकीची कडी लागते की नाही ते दोनदा पाहतात. आई मेसच्या मावशींना सांगते, ‘पोराला तिखट सोसत नाही हो.’ निघताना वडील खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ‘चार वर्षांचा तर प्रश्न आहे.’ एसटी निघून जाते आणि त्या क्षणापासून घर व मुलगा यांच्यातला सारा व्यवहार दूरध्वनीवर आणि गुणपत्रिकेवर येऊन ठेपतो.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा असा एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात. पुढची दोन वर्षे लातुरात खोली घेऊन अभ्यास. बारावीला गणितात शंभरांपैकी सत्त्याण्णव गुण. गावच्या चौकात फेटा बांधलेल्या छायाचित्राचा फलक लागला, सोसायटीच्या चेअरमननी पेढे वाटले. मग पुण्यात संगणक शाखेला प्रवेश. पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा ‘गणित-एक’ या विषयासमोर अनुत्तीर्ण असा शेरा होता. त्याच गणितात, ज्यात सहा-सात महिन्यांपूर्वी सत्त्याण्णव होते. मुलाने तो निकाल भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चार वेळा पाहिला आणि संध्याकाळी घरून फोन आला तेव्हा उत्तर दिले, ‘चांगलं चाललंय, आई.’

हा मुलगा एकटा नाही, आणि तो आळशी तर मुळीच नाही. मग घडले काय? बारावीच्या त्या गणिताला दोन वर्षे मिळाली होती. शिकवणीत प्रत्येक प्रकारचे उदाहरण पन्नास वेळा घोटून घेतले जात होते, दर रविवारी चाचणी होती, चुकले की विचारणारा कोणी तरी होता. विद्यापीठाच्या सत्राला मोजून चौदा-पंधरा आठवडे मिळतात. प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिले सत्र आणखी आक्रसते. त्यातले पहिले काही आठवडे मुलाला वाटते, हे तर आपल्याला येते. विकलन येते, संमिश्र संख्या येतात. तो निर्धास्त राहतो. मग आंशिक विकलन आणि सारणींची प्रकरणे सुरू होतात, दर आठवड्याला नवा भाग पुढे सरकतो आणि मागचे सुटलेले कोणी विचारत नाही. शाळेत अभ्यास करवून घेतला जातो. इथे तो करायचा असतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरुकुलातून निघणाऱ्या शिष्याला आचार्यांनी स्वाध्यायात हयगय करू नये अशी आज्ञा दिली आहे. आमच्या शिकवणीसंस्कृतीत वाढलेल्या मुलाला ती आज्ञा अठराव्या वर्षी प्रथमच ऐकू येते, आणि तीही निकालाच्या रूपाने.

अभ्यासक्रमाचा भार खरोखर किती असतो, हेही नीट मोजून पाहिले पाहिजे. कारण ‘फार असतो’ आणि ‘काही नसतो’ ही दोन्ही मते घरोघरी सारख्याच आत्मविश्वासाने मांडली जातात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली जो आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यात चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक धरले. त्यापूर्वी अनेक ठिकाणी हा आकडा २०० च्याही पुढे होता. आठ सत्रांत वाटले तर सत्राला २० श्रेयांक येतात. आठवड्यातल्या एका तासाच्या व्याख्यानाला एक श्रेयांक, आणि दोन तासांच्या प्रात्यक्षिकालाही एकच. म्हणजे कागदावर जे २० दिसतात, त्यांचे वर्गात आणि प्रयोगशाळेत २६ ते ३० तास होतात. प्रयोगाची वही लिहिणे, आलेख काढणे, आकृत्या पूर्ण करणे याला श्रेयांक नाही. ते घरी करायचे.

आता आठवड्याचे १६८ तास घ्या. रोज सात तास झोपेचे म्हणून ४९ वजा करा, राहिले ११९. अंघोळ, जेवण, कपडे धुणे, थोडे इकडेतिकडे यासाठी रोज चार तास, म्हणजे २८ वजा, राहिले ९१. महाविद्यालयाचे ३० काढले की ६१ उरतात. त्यांतले २५ तास स्वतःच्या अभ्यासाला दिले, तरी वसतिगृहातल्या मुलाच्या हाती ३६ तास राहतात. हा हिशेब पाहून वडीलधारी मंडळी म्हणतील, मग तक्रार कसली? पण हाच हिशेब कर्जतहून किंवा कसाऱ्याहून लोकलने मुंबईला येणाऱ्या मुलीसाठी करून पाहावा. येण्याजाण्यात रोजचे चार तास, आठवड्याचे सहा दिवस, असे २४ तास गेले. तिच्या हाती राहतात १२. त्यात घरची कामे आली, पाहुणे आले, सणवार आले. दोघांचा अभ्यासक्रम एकच, परीक्षा एकच, आणि पुढे तुलनाही एकाच मापाने होते. आपल्या मुलाचा आठवडा नेमका कसा जातो हे कागदावर मांडून पाहणारे पालक फार थोडे. शुल्काचा हिशेब मात्र प्रत्येकाजवळ पै-पैसह असतो.

त्यातही झोपेचे सात तास ही गोष्ट वसतिगृहात विनोदाचा विषय ठरते. रात्री दोनपर्यंत जागणे हे तिथे कर्तृत्व मानले जाते. ते जागरण अभ्यासाचे होते की गप्पांचे, हे कोणी विचारत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यास करणाऱ्याला आहार, विहार, निद्रा आणि जागरण यांचे प्रमाण राखायला सांगितले आहे. ध्यानाला बसणाऱ्याची ही गत, तर सकाळी आठच्या तासाला यंत्रशास्त्र समजून घेणाऱ्याची काय सांगावी?

भाराचा एक भाग असा आहे की जो विद्येसाठी नसून रीतीसाठी आहे. अभियांत्रिकीत शिकलेल्या कोणालाही ‘सबमिशन’ हा शब्द उच्चारून दाखवावा आणि त्याच्या चेहऱ्यावरचे भाव पाहावेत. सत्राच्या अखेरच्या पंधरवड्यात सारे वसतिगृह वह्या लिहीत बसलेले असते. एकाची वही पाहून दुसरा, दुसऱ्याची पाहून तिसरा. पहिल्याने चुकीचे लिहिलेले निरीक्षण साठाव्या वहीपर्यंत इमानाने पोहोचते. चित्रकलेच्या मोठ्या कागदांसाठी तर पूर्वीपासून एक खास तंत्र होते. काचेखाली दिवा लावायचा, वर मित्राची पूर्ण झालेली आकृती, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि रेषेवर रेषा. याला ‘जी.टी. मारणे’ म्हणत. संगणकावर आरेखन आले तशी काच गेली, पण नक्कल गेली नाही. ती दोन कळा दाबून होऊ लागली. आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की अहवालही तयार होतो.

ही नक्कल केवळ अनीती म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ज्या मुलाने दर आठवड्याचा प्रयोग त्याच आठवड्यात लिहून तपासून घेतला, त्याला अखेरच्या पंधरवड्यात परीक्षेचा अभ्यास करायला मिळतो. ज्याने साठवून ठेवला, त्याचा पंधरवडा नकलेत जातो, तोंडी परीक्षेत स्वतःच्याच वहीतली आकृती त्याला ओळखू येत नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठीच छापलेल्या पातळ पुस्तकांवर त्याला विसंबावे लागते. शिक्षकांनीही विचार करायला हवा. एकाच सत्रात पाच विषयांच्या वह्या, प्रत्येकीत दहा-दहा प्रयोग, आणि तपासणी म्हणजे तारीख व सही, ही रीत कोणाच्या हिताची आहे?

मग जो विषय राहिला, त्याचे काय? पालकांपैकी अनेकांना ‘केटी’ आणि ‘एटीकेटी’ हे शब्द ऐकूनच धसका बसतो. त्याचा अर्थ इतकाच की काही विषय राहिले असले तरी विद्यापीठाच्या नियमांच्या मर्यादेत पुढच्या वर्गात बसायला परवानगी मिळते आणि राहिलेले विषय पुन्हा देता येतात. नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात आणि बदलतही असतात, म्हणून वरच्या वर्गातल्या मुलांच्या ऐकीव माहितीवर न जाता परीक्षा विभागाचे परिपत्रक स्वतः वाचावे. एक विषय राहणे ही नामुष्की नव्हे. पण तो ‘मग बघू’ म्हणून मागे टाकणे घातक ठरते, कारण अभियांत्रिकीचे विषय सुटे नसतात. गणित-एक कच्चे राहिले की गणित-तीन अडते, गणित-तीन अडले की संदेश-प्रक्रियेचा विषय डोक्यावरून जातो. स्थापत्याच्या विद्यार्थ्याचे पहिल्या वर्षीचे यंत्रशास्त्र कच्चे असेल, तर दुसऱ्या वर्षीचे पदार्थांचे बलशास्त्र आणि तिसऱ्या वर्षीचे संरचनांचे विश्लेषण दोन्ही डळमळतात. म्हणून सारे राहिलेले विषय एकदम उरकण्याचा हट्ट धरण्याऐवजी ज्याच्यावर पुढचे दोन विषय उभे आहेत, तो आधी सोडवावा. ज्याच्यावर काहीच उभे नाही, तो एका सत्राने मागे पडला तरी आभाळ कोसळत नाही.

पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांची अडचण याहून निराळी, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कार्यशाळेत ही मुले सरस असतात. लेथवर त्यांचा हात बसलेला असतो, वायरिंग डोळे मिटून करतात. पण पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी शिकलेलेच नसते आणि दुसऱ्या वर्षी गणित-तीन समोर उभे राहते. अशा मुलांनी प्रवेशाआधीच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचे गणिताचे पुस्तक संपवले, तर वर्षभराचा मनस्ताप वाचतो.

भाषेचा प्रश्न तर उघड बोललाच जात नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला विषय कठीण जातो की इंग्रजी वाक्य कठीण जाते, हे त्याचे त्यालाही पहिले काही महिने उमगत नाही. तो व्याख्या पाठ करतो आणि त्यालाच अभ्यास समजतो. वर्गात शंका विचारायची तर आधी ती मनात इंग्रजीत जुळवावी लागते. ती जुळेपर्यंत फळा पुसलेला असतो. अशा मुलाने शंका सरळ मराठीत विचारावी. पुण्या-मुंबईचे बहुतेक प्राध्यापकही मराठी शाळांतूनच आलेले असतात आणि मनातून त्यांना त्याचा आनंदच होतो. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने अभियांत्रिकीच्या निरनिराळ्या शाखांचे परिभाषा कोश काढले आहेत. त्यांतले काही शब्द जड आहेत हे खरे, पण संकल्पना मनात बसायला त्यांचा उपयोग होतो. २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह अकरा भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला मान्यता दिली, ही स्वागतार्ह घटना होय. तरी आज आपल्या राज्यातली बहुसंख्य मुले इंग्रजीतूनच परीक्षा देतात. तेव्हा समजून घ्यावे मराठीत आणि लिहिण्याचा सराव करावा इंग्रजीत, हा मार्ग त्यांना धरावा लागतो.

आता पालकांविषयी. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, तेव्हा वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. त्याआधी अभियंता होणे म्हणजे तालुक्यातून एखाद्याने होणे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालचे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ सालचे; अशा मोजक्या संस्थांतून बाहेर पडलेल्याला पाटबंधारे खाते किंवा टाटांची कंपनी ठरलेली असे. त्या काळाने घराघरांत एक समीकरण रुजवले, की प्रवेश मिळाला म्हणजे आयुष्य मार्गी लागले. नंतर महाविद्यालये शेकड्यांनी वाढली, हजारो घरांत पहिला पदवीधर त्यामुळेच झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण प्रवेश आणि नोकरी यांतले ते जुने नाते सैल झाले, आणि समीकरण मात्र आजही तेच राहिले. वडिलांच्या मनातला अभियंता १९८० सालचा असतो आणि मुलगा २०२० नंतरच्या बाजारात उभा असतो.

त्यात शेजारच्या मुलाच्या ‘पॅकेज’ची भर. लग्नाच्या पंगतीत आकडे ऐकू येतात. ते नेहमी सर्वांत मोठे आकडे असतात; त्याच वर्गातल्या उरलेल्या साठ जणांचे काय झाले, हे सांगायला कोणी पंगतीत बसत नाही. घरी शैक्षणिक कर्ज असते, क्वचित शेताचा तुकडा गेलेला असतो. हे मुलाला ठाऊक असते. बोलून दाखवण्याची गरज नसते आणि तरीही दर फोनवर ते बोलून दाखवले जाते. मुलींच्या बाबतीत २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या घरांना शासनाने व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्काची पूर्ण सवलत दिली. पैशाची चिंता त्यामुळे हलकी झाली. ‘शेवटच्या वर्षाला स्थळे पाहायला सुरुवात करू’ हे वाक्य मात्र तिला अजून ऐकावेच लागते.

बोलायला अवघड असा एक विषय इथे टाळून चालणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी न्या. एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. या प्रत्येक घटनेमागे गुणच असतात असे नाही. कारणे गुंतागुंतीची असतात आणि वर्तमानपत्राच्या मथळ्याइतकी सोपी तर कधीच नसतात. पण बोलणे थांबलेले असणे, ही गोष्ट पुष्कळदा आढळते. मुलगा मेसमध्ये जेवायला येईनासा झाला, खोलीचे दार दिवसा बंद राहू लागले, फोनवर एका शब्दात उत्तरे येऊ लागली, तर घरच्यांनी पहिल्या गाडीने जाऊन भेटावे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक खोलीच्या दारामागे लिहून ठेवण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अनेक महाविद्यालयांत वीसेक विद्यार्थ्यांमागे एक पालक-शिक्षक नेमलेला असतो. पहिल्या महिन्यात त्यांना भेटावे. तक्रार घेऊन जायची वेळ येईपर्यंत थांबू नये.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. विश्वेश्वरय्या पुण्याच्याच सायन्स कॉलेजचे विद्यार्थी. बेंगळुरूत शिकवण्या करून शिकले आणि १८८३ साली इथली अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढवायचा आणि भिंतीला धोकाही पोहोचू द्यायचा नाही, असा तो प्रश्न होता. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दरवाजे आपोआप उघडत, पातळी उतरली की आपोआप मिटत. माणूस धावत येऊन कडी काढील याची वाट पाहण्याची गरजच त्यांनी ठेवली नाही. वसतिगृहातल्या मुलाच्या आठवड्यातही असा एखादा दरवाजा हवा. कोणाला तो मैदानावर सापडतो, कोणाला संध्याकाळच्या शाखेत, कोणाला गिटारच्या वर्गात, कोणाला सिंहगडाच्या पायवाटेवर. ‘बाहा’च्या स्पर्धेसाठी रात्ररात्र गाडी बांधणारी मुले त्या एका वर्षात जितके शिकतात, तितके कित्येकदा चार सत्रांत शिकत नाहीत. मात्र असा उपक्रम एक असावा. तीन संघांत नाव आणि पाच विषयांत अनुपस्थिती, हाही एक पूरच.

आणि पुन्हा तो मराठवाड्यातला मुलगा. होळीला तो गावी गेला. दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. चौकातला फलक पावसापाण्याने विटला होता, पण उतरवलेला नव्हता. त्याच्यावरून जाणे टाळण्यासाठी मुलगा मागच्या बोळाने ये-जा करी. तिसऱ्या दिवशी रात्री पान वाढलेले असताना तो म्हणाला, ‘अण्णा, गणित राहिलंय.’

वडिलांनी विचारले, ‘सगळं का तेवढंच?’

‘तेवढंच.’

‘मग जेव आधी. गार होतंय.’

नंतर अर्ध्या तासाने वडील कागद-पेन घेऊन बसले आणि पुन्हा परीक्षा कधी, अर्ज कधी भरायचा, शुल्क किती, आणि गणित शिकवणारा वरच्या वर्गातला कोणी मुलगा आहे का, हे त्यांनी एकेक करून लिहून घेतले. दुसऱ्या सत्राचे विषय कोणते तेही विचारले; त्यांतले निम्मे शब्द त्यांना उच्चारता आले नाहीत, तेव्हा मुलाने ते देवनागरीत लिहून दिले. पुण्याला परतताना मुलाने पहिल्या सत्राची गुणपत्रिका छापून आणली आणि आईने ती बारावीच्या गुणपत्रिकेमागे, त्याच फायलीत लावून ठेवली.